तनुजा साळवे आणि केशरबागेचं पाणी

केशरबाग कॉलनीत नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. कधी नवव्या, कधी दहाव्या. पावणेदोन तास येतं नि जातं. त्या पावणेदोन तासांत ज्याच्या घराला कुलूप, त्यानं पुढचे आठ दिवस रिकाम्या टाकीकडं बघत बसायचं. सहाशे चाळीस घरं आहेत. सगळ्यांच्या लग्नकार्याच्या, दवाखान्याच्या, गावाला जाण्याच्या तारखा पाण्याच्या तारखेवर ठरतात. नवा भाडेकरू आला की पहिला प्रश्न हाच, "पाणी कधी येतं?" आणि कॉलनीतलं कुणीही उत्तर देतं, "तनुजाताईच्या साइटवर बघा."

ही तनुजाताई म्हणजे गल्ली नंबर सहामधल्या तनुजा साळवे. वय एकोणचाळीस. अंगानं बारीक, बोलणं कमी, आणि अक्षर न् अक्षर तपासून घ्यायची सवय. माहेर शेंद्र्याचं. वडील पुंडलिक जाधव एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर होते. शिक्षण चौथी, पण पोरीनं शिकावं याचा ध्यास मोठा. बारावी झाल्यावर नातेवाइकांनी स्थळं आणायला सुरुवात केली तेव्हा पुंडलिकरावांनी सांगून टाकलं होतं, "आधी पोरगी टायपिंग शिकंल, मंग तुमचं स्थळ बघू." मिनिटाला मराठी चाळीस शब्द, इंग्रजी चाळीस शब्द, दोन्ही परीक्षा तनुजा पहिल्या झटक्यात पास झाली.

लग्नानंतर ती शहरात आली आणि कोर्टाजवळच्या एका दुकानात टायपिंगला लागली. अकरा वर्षं तिनं प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, मुखत्यारपत्रं टाइप केली. तिथला मालक म्हणायचा, "बाई, एक आकडा चुकला तर गट नंबर दुसऱ्याचा होतो आणि दोन भावांची डोकी फुटतात." तनुजाच्या कागदावरून कुणाचं डोकं फुटलं नाही. मग घरोघरी संगणक झाले, मालकानं दुकान बंद केलं, आणि ती चितेगावच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागली. तिथं माल नोंदवायचा संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, माउसचं काम नाही. बाकीच्या बाया त्याच्यापासून चार हात लांब राहायच्या. तनुजाला मात्र तो आवडला. लिहू ते करतो, चुकलं तर कुठं चुकलं ते सांगतो. आणखी काय पाहिजे माणसाला? कुठली आज्ञा काय करते हे ती एका वहीत लिहून ठेवायची. दीड वर्षानं सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं आणि नोकरी सुटली. वही मात्र तिनं टाकली नाही.

साइटची गोष्ट सुरू झाली ती सासूबाईंमुळंच. मांडी बरी झाल्यावर केसरबाई काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. नणंदेच्या मुलीचं लग्न अजिंठ्याला होतं. सगळं घर दोन दिवस तिकडं. परत आले तर टाकी खडखडीत. त्यांच्या पाठीमागं पाणी येऊन गेलं होतं, तेही एक दिवस आधी. केसरबाई काठी टेकत शेजारी गेल्या आणि एक कळशी मागून आणली. कळशी ओट्यावर ठेवून त्या बराच वेळ भिंतीला टेकून बसल्या.

"काय झालं आत्या?" तनुजानं विचारलं.

"काय नाय. तिनं दिली बिचारीनं. पर आजवर कुणाच्या दारात हात पसरला नव्हता गं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा कडूबामामांना शोधत गेली. कडूबा हे पाणीपुरवठ्याचे लाइनमन. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी, सायकलवरून फिरायचे, रस्त्यातली झाकणं उघडून पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचे. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार हे शहरात नक्की कुणाला माहीत असेल तर त्यांना.

"मामा, तुम्हाला आदल्या दिवशी कळतं ना वेळ?"

"कळतंय की. दुपारी निरोप येतो."

"मग मला एक फोन करत जाल का?"

कडूबांनी चावी भिंतीला टेकवली. "ताई, तीस वर्षं झाली मला. लोक शिव्या द्यायला फोन करतात. वेळ इचारायला तुम्हीच पहिल्या." त्या दिवसापासून त्यांचा फोन कधी चुकला नाही.

आधी तनुजा कॉलनीच्या फोनग्रुपवर वेळ टाकायची. पण तिथं सुप्रभात, वाढदिवस आणि हरवलेल्या मांजरांच्या ढिगाऱ्यात तिचा निरोप बुडून जायचा. त्यावर कुणीतरी दुसरीच वेळ टाकायचं. शेवटी कॉलनीतल्या आकाशनं, जो संगणकाचं शिकून नोकरी शोधत होता, कमिटीच्या परवानगीनं एक भाड्याचा सर्व्हर, म्हणजे साइट चोवीस तास चालू ठेवणारा दूरचा संगणक, घेतला आणि साइट बनवून दिली. तनुजाच्या संगणकावर एक छोटी खिडकी ठेवली : वेळ लिहायची, ‘पाठवा’ दाबायचं, खाली हिरव्या अक्षरांत ‘पाठवलं’ यायचं आणि मिनिटभरात साइटवर वेळ झळकायची. गल्लीवार वेळ, मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी, कुठं गळती आहे, सगळं एका पानावर. लिहिलेलं कुठं जातं, हे तनुजानं कधी विचारलं नव्हतं. चाललं होतं.

आणि मार्चमध्ये एका मंगळवारी ते थांबलं.

मोठ्या जलवाहिनीची दुरुस्ती चालू होती. पाणी येऊन अकरा दिवस झाले होते. लोकांनी आंघोळी अर्ध्या बादलीवर आणल्या होत्या, भांडी राखेनं घासली होती. दुपारी एकला कडूबामामांचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी साडेसहा. गल्ली एक ते आठ. गल्ली नऊपासून पुढं पावणेनऊला. नेहमीची वेळ नाय, नीट सांगा लोकांना."

तनुजानं वेळ लिहिली, ‘पाठवा’ दाबलं. ‘पाठवलं’ आलं. सवयीनं तिनं फोनवर साइट उघडून बघितली. पांढरंशुभ्र पान. त्यावर इंग्रजीत चार ओळी : वेलकम टू एन्जिनएक्स. केशरबाग नाही, गल्ल्या नाहीत, वेळ नाही.

दहा मिनिटांत ग्रुपवर गोंधळ उडाला. साइट हॅक झाली. चीननं केली. पाणी गुरुवारी आहे. नाही, आज रात्री आहे. गल्ली अकरामधल्या कुणीतरी तर छातीठोक लिहिलं की आता पाणी रविवारशिवाय येत नाही. तनुजानं खरी वेळ लिहिली, पण त्या गदारोळात तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? लोक विचारत होते, "मग साइटवर का नाही?"

आकाशला फोन लावला. बंद. त्याला बंगळूरला नोकरी लागली होती, आदल्याच दिवशी तो निघाला होता आणि प्रशिक्षणाच्या ठिकाणी फोन गेटवरच जमा करून घेत होते. संध्याकाळी सातनंतरच मिळणार, असं त्याच्या आईनं सांगितलं. सातला कळून काय उपयोग? सहाशे घरांपर्यंत निरोप पोचायचा तर उजेड असतानाच पोचायला पाहिजे होता.

तनुजा तडक कारभारीअण्णांकडं गेली. कारभारी निकम हे कमिटीचे अध्यक्ष, शेतीखात्यातून निवृत्त झालेले. आकाशनं जाताना सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड लिहिलेलं एक पाकीट त्यांच्याकडं ठेवलं होतं.

"अण्णा, ते पाकीट द्या. मी बघते."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, राग मानू नका. हे काय टायपिंग नाय. पुसलं गेलंय सगळं, दिसतंय ना डोळ्यानं. तुम्ही हात लावाल न् असलेलं बी जाईल. मी एका जाणकाराला फोन केलाय. तो म्हणतो, नवीन करावं लागंल, आठवडा लागंल."

"आठवड्यानं पाणी येणार नाही अण्णा, उद्या येणार आहे."

"ते व्हय. पर—"

"मी आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवीन. मगच हात लावीन. तुम्ही शेजारी बसा. मी काही पुसायला निघाले असं वाटलं तर माझा हात धरा."

अण्णांनी पाकीट दिलं आणि खरंच तिच्यामागोमाग चालत घरी आले. केसरबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः काठी मांडीवर घेऊन दारात बसल्या, कुणी आत येऊन तनुजाला त्रास देऊ नये म्हणून.

तनुजानं वही काढली. काळी खिडकी उघडली. पत्ता, नाव, पासवर्ड. ती आत गेली. चितेगाव सोडल्यापासून पाच वर्षांनी ती पांढरी अक्षरं तिच्यासमोर लुकलुकत होती, आणि तिला एकदम हलकं वाटलं, जुन्या मैत्रिणीच्या घरात पाऊल टाकल्यासारखं.

लिनक्सवर साइटच्या फायली कुठं असतात, हे तिनं फोनवर शोधलं. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर : /var/www/html. ती त्या फोल्डरमध्ये गेली, आत काय आहे ते विचारलं. एकच फाइल. उघडून बघितली तर तेच ते स्वागताचं पान.

"बघा," अण्णा हळूच म्हणाले. "म्हटलं नव्हतं? रिकामं आहे."

तनुजानं ते पान बंद केलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट टोचत होती. दुपारी एकला तिनं वेळ पाठवली तेव्हा हिरव्या अक्षरांत ‘पाठवलं’ आलं होतं. जागाच नसती तर सर्व्हरनं घेतलं कसं? तिनं परत एकदा पाठवून बघितलं. पुन्हा ‘पाठवलं’.

"अण्णा, कुठंतरी जातंय ते. घेणारा आहे. आपण चुकीच्या खोलीत उभे आहोत."

"मग बरोबर खोली कशी सापडणार? एवढ्या मोठ्या मशिनीत?"

कोर्टाजवळची अकरा वर्षं इथं कामाला आली. जुनी फाइल पाहिजे असली की रेकॉर्डरूममधला कारकून कपाटं उपसत नसे. तो आधी रजिस्टर उघडायचा. कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, सगळं त्यात लिहिलेलं. या सर्व्हरलासुद्धा कुणीतरी सांगितलंच असणार की पानं कुठून घ्यायची. ते सांगणं कुठं लिहिलंय, एवढंच शोधायचं.

ते /etc/nginx मध्ये सापडलं, स्वागताच्या पानावर नाव होतं त्याच एन्जिनएक्सच्या, म्हणजे पानं दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये. तिथं दोन फोल्डर होती. एकात सर्व्हरला माहीत असलेल्या सगळ्या साइटींचे कागद, दुसऱ्यात फक्त चालू असलेल्यांचे दुवे. चालूच्या फोल्डरमध्ये एकच नाव होतं, ‘डिफॉल्ट’. तिनं तो कागद वाचला. त्यात पानांची जागा स्पष्ट लिहिली होती : root /var/www/html. म्हणून ते परकं पान दिसत होतं. सर्व्हर बिचारा सांगितलं तेच दाखवत होता.

मग तिनं पहिलं फोल्डर उघडलं. ‘डिफॉल्ट’च्या खाली दुसरं नाव : ‘केशरबाग’. तो कागद उघडला आणि पाचव्या ओळीत जागा लिहिलेली होती. root /srv/kesharbag.

तनुजानं त्या फोल्डरमध्ये काय आहे ते विचारलं. खिडकीभर नावं ओघळली. गल्ली एक, गल्ली दोन, गळतीची नोंद, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर... आणि अगदी खाली वेळेची फाइल. तिच्यासमोर तारीख होती आजची. दुपारी दोन वाजून चौदा मिनिटं.

"अण्णा!" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. आत्ता पाठवलेलं. सगळं आहे. एक अक्षर गेलेलं नाही!"

अण्णा खुर्चीतून उठले आणि पडद्याला नाक लावून वाचू लागले. दारातून केसरबाई ओरडल्या, "सापडलं का गं?"

"सापडलं आत्या!"

"मंग दाखव की लोकाला!"

तेच राहिलं होतं. कागद होता, पण चालूच्या यादीत नव्हता. तनुजानं आधी दोन्ही फोल्डरांची नक्कल काढली, अण्णांना दाखवली, मग दुवा जोडायची आज्ञा वहीतून बघून अक्षर अक्षर टाइप केली. आणि लगेच सर्व्हरला सांगितलं नाही. आधी तपासणी मागितली. दुकानात कागदावर सही होण्याआधी ती असंच करायची.

सर्व्हरनं नकार दिला. सहाव्या ओळीत चूक आहे, म्हणाला.

तिनं सहावी ओळ वाचली. बरोबर होती. परत वाचली. उलटी वाचली. काही चूक नाही. अण्णा घड्याळाकडं बघायला लागले, सव्वातीन. बाहेर दोघीतिघी जमल्या होत्या आणि केसरबाई त्यांना काठीनं थोपवत होत्या. "थांबा जरा. काम चालू हाये तिचं. लई बारीक काम असतंय ते."

तनुजानं डोळे मिटले, उघडले, आणि जसं वकिलाचा मसुदा तपासायची तसं वरच्या ओळीपासून सुरू केलं. टायपिस्टला एक गोष्ट अनुभवानं कळते. वाक्य अडखळतं तिथं चूक असेलच असं नाही, पुष्कळदा आधीचं वाक्य संपवायचंच राहून गेलेलं असतं. चौथी ओळ, शेवटी अर्धविराम. सहावी ओळ, शेवटी अर्धविराम. पाचवी ओळ, root /srv/kesharbag, आणि पुढं मोकळी जागा.

ती हसायला लागली.

"काय झालं?" अण्णा घाबरले.

"अर्धविराम राहिलाय अण्णा. एक टिंब न् एक शेपटी. तेवढ्यासाठी सहाशे घरं तहानली असती."

तिनं अर्धविराम टाकला. तपासणी मागितली. या वेळी दोन ओळी आल्या : लिखाण ठीक आहे, तपासणी यशस्वी. मग तिनं सर्व्हरला नवं सांगणं वाचायला लावलं आणि फोन हातात घेतला. पान उघडलं. वर निळ्या पट्टीवर केशरबाग कॉलनी. खाली : उद्या सकाळी साडेसहा, गल्ली एक ते आठ. नऊ ते चौदा, पावणेनऊ.

कारभारीअण्णा बाहेर गेले. अध्यक्ष माणूस, कधी आवाज चढवत नसत; पण त्या दिवशी गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले, "साइट चालू झाली! उद्या साडेसहाला पाणी! साळवेबाईनं काढली शोधून!" पोरंबाळं, बाया, म्हातारी माणसं फोन काढून बघायला लागली. ज्यानं रविवार लिहिला होता त्यानं आपला निरोप गुपचूप पुसून टाकला. तासाभरात चारशे लोकांनी साइट बघितली होती.

सात वाजता आकाशचा फोन आला. त्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाजच इकडं आला. "ताई, माफ करा. जाताना थोडं बदलत होतो. तपासणीत चूक आली, बस सुटत होती, म्हणून तात्पुरता दुवा काढला. म्हटलं पोचल्यावर बघू, आणि डोक्यातून गेलंच. पण तुम्ही... तुम्ही शोधलं कसं?"

"वाचलं," तनुजा म्हणाली. "लिहिलेलं होतं सगळं."

सकाळी सहालाच कॉलनी जागी होती. नळांखाली ड्रम, पातेली, हंडे, पोरांच्या आंघोळीचे टब. कडूबामामा चौकात झाकण उघडून उभे होते. साडेसहाला त्यांनी चावी घातली, चार वेढे दिले. आधी नळांनी हवा सोडली, सूं सूं आवाज केला, गढूळ धार आली आणि मग स्वच्छ पाणी जोरात कोसळलं. गल्लीभर मोटरी घरघरायला लागल्या. त्या दिवशी केशरबागेत एक घर कोरडं राहिलं नाही. ज्यांना दवाखान्यात जावं लागलं होतं, त्यांचे ड्रमसुद्धा साइट बघून शेजाऱ्यांनी भरून ठेवले. केसरबाईंनी स्वतः उभं राहून टाकी भरून घेतली आणि वाहून जाणारं शेवटचं पाणी तुळशीला न् दारातल्या लिंबाला घातलं.

पुढच्या महिन्यात कमिटीची सभा झाली. कारभारीअण्णा उठून म्हणाले, "त्या दिवशी मी ताईला म्हणालो, हे टायपिंग नाय. चुकलो मी. चारचौघांत बोललेलं नव्हतं, तरी चारचौघांत कबूल करतो." टाळ्या वाजल्या. तनुजा शेवटच्या रांगेत बसली होती. तिला उभं राहायला लावलं. ती एवढंच म्हणाली, "सर्व्हरचं पाकीट आता माझ्याकडं राहू द्या." सभा हसली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

आता त्याच सर्व्हरवर शेजारच्या चार वसाहतींची वेळापत्रकं आहेत. प्रत्येकीचं फोल्डर वेगळं, प्रत्येकीचा कागद वेगळा, आणि तनुजानं प्रत्येक कागदाच्या डोक्यावर मराठीत लिहून ठेवलंय की हा कशाचा आहे. जूनमध्ये एका कंपनीत सर्व्हर सांभाळायच्या जागेसाठी तिनं अर्ज केला. बाकीचे उमेदवार तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "बंद पडलेली साइट तुमच्या हातात दिली तर पहिल्यांदा काय कराल?"

"नक्कल काढीन," तनुजा म्हणाली. "मग सर्व्हरला काय सांगितलंय ते वाचीन. फायली कुठं असतील याचा अंदाज करत बसणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिला सोमवारपासून यायला सांगितलं.

सोमवारी पुंडलिकराव शेंद्र्याहून मुद्दाम आले होते. लेकीच्या गळ्यात कंपनीनं आधीच पाठवलेलं ओळखपत्र होतं. त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा नव्हता म्हणून लांब धरलं, आणि अडखळत मोठ्यानं वाचलं : तनुजा साळवे, सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर.

"म्हंजे काय गं?"

"म्हणजे मशिनी सांभाळायच्या, बाबा."

"किती हायेत?"

"बावीस."

पुंडलिकरावांनी ओळखपत्र परत तिच्या छातीवर नीट सरळ केलं. "बावीस," ते केसरबाईंकडं वळून म्हणाले, आणि चौकात बस आलेली दिसताच लेकीच्या पुढं धावत जाऊन त्यांनी ती हात करून थांबवली.